पायाळूला कसलं दुखणं

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळेच सांगतात. मी धरलाय. गेल्या महिन्यात दादाच्या मुलीला मुलगी झाली. बाळ पोटात पायाकडून होतं म्हणून डॉक्टरांनी सिझर केलं. मी दवाखान्यात गेले, बाळाला मांडीवर घेतलं, तर वहिनी कौतुकानं म्हणते, "घ्या, आत्याआजीवर गेली! आपल्या घरात परत पायाळू आली." शेजारच्या खाटेवरच्या बाईनं लगेच विचारलं, "सिझरची पायाळू धरतात का हो?" आणि त्या बायकांमध्ये खरोखरची चर्चा सुरू झाली. धरतात, नाही धरत, आमच्या गावी धरतात. मी म्हटलं, "या पोरीच्या पायाला कुणी हात लावला तर याद राखा." म्हटलं म्हणजे ओरडलेच. नर्स धावत आली, बाळ रडायला लागलं, वहिनीनं त्यानंतर बरेच दिवस माझा फोन घेतला नाही. घरी येऊन बसले तेव्हा कळलं की जिच्यावर ओरडायचं होतं ती बाई त्या खोलीत नव्हतीच. म्हणून हे लिहितेय.

मी तुझ्या माहेरी, कोकणात, पायाकडून जन्मले. डोकं यायच्या आधी पाय आले. तुझा जीव जाता जाता राहिला, हे तूच सांगायचीस, आणि त्याच दमात अभिमानानं म्हणायचीस, "पायाळू हाय माझी." पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, चमक जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंबईत चाळीत होतो तेव्हा ते वर्षा-सहा महिन्यांतून कधीतरी व्हायचं. कुणाची तरी कंबर धरायची, मला खेळातून बोलवायचे, मी पाय लावायचे आणि पळायचे. हातावर गोळी-बिस्कीट मिळायचं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते आपण भाईंदरला आलो तेव्हापासून.

सत्त्याऐंशी साल असेल. बाबांनी फंड काढून गोडदेवला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि घरात संडास, ज्याचं तुला केवढं अप्रूप होतं. फक्त पाणी नव्हतं. बिल्डरनं टाकी बांधली होती, पण त्या टाकीत चिमण्या बसायच्या. टँकर आला की सगळी बिल्डिंग हंडे-कळश्या घेऊन खाली, आणि मग तेच हंडे घेऊन जिन्यानं वर. लिफ्टचा खड्डा तेवढा होता. दोन-तीन महिन्यांत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकही बाई कमरेनं धड राहिली नाही. तू हे बघितलंस. तळमजल्यावरची किराणावाली गुजराती बाई एक दिवस दाराची चौकट धरून उभी होती, तिला खाली बसताही येईना, आणि तू जिन्यातूनच म्हणालीस, "बेन, मेरी लडकी पायाळू है. रविवार को आव." तिला पायाळू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तू तिला हातवारे करून माझा जन्म समजावून सांगितलास, भर जिन्यात, मी मागं उभी असताना. मी सोळा वर्षांची होते.

रविवारी ती आली. दोन-तीन रविवारांत रांग लागली. आपल्या हॉलमध्ये तू चटई अंथरायचीस, बाई पालथी झोपायची, मी भिंतीला हात टेकून एका पायावर उभी राहायचे आणि उजवी टाच तिच्या कमरेवर ठेवायचे. हलकेच दाबायचं, उचलायचं, परत दाबायचं आणि शेवटी एक लाथ. लाथ लागली पाहिजे, नाहीतर गुण येत नाही, हे तुझं शास्त्र. "लागलं तरी ओरडायचं नाय हां," तू त्यांना बजावायचीस. गुजराती, मारवाडी, यूपीवाल्या भाभी, काशीगावची भाजी विकायला येणारी म्हातारी, सगळ्या माझ्या टाचेखाली येऊन गेल्या. बोअर मारायचं ठरलं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला कंपाउंडमध्ये अनवाणी फिरवलं, पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणून. मला कंटाळा आला तिथं मी थांबले. तिथं खणलं. पाणी लागलं, खारट. भाईंदरला खाडीच्या कुशीत दुसरं काय लागणार! पण तू महिनाभर सांगत होतीस की पाणी लागलं, चवीचं काय ते तुमचं नशीब.

बाबांना हे आवडत नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून खाडीत सोडले होते. आपल्या घरात गंडा नाही, दोरा नाही, उपास नाही, अंगारा नाही. भिंतीवर एकच फोटो, भगवान बुद्धांचा. पौर्णिमेला विहारात जायचं, वंदना म्हणायची, बस. त्या फोटोखाली बायका पालथ्या पडलेल्या बघून बाबा एकदा म्हणाले, "आपण हे सगळं सोडलं ना गं? मग हे काय चाललंय?" तू चहा गाळता गाळता म्हणालीस, "मी कुठं देव मांडलाय? पोरगी पाय लावते. पायात कसला आलाय देव?" बाबांनी पेपर वर धरला आणि विषय संपला. आपल्या घरात कुठलीच अंधश्रद्धा चालत नव्हती, एक माझा पाय सोडून.

आता त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. त्या गिरगावातून आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या. आल्या आल्या त्यांनी आपलं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग त्यांना जे कळायचं ते कळलं. त्या आपल्याकडं आल्या की तू चहा ठेवायचीस, आणि त्या म्हणायच्या, "अहो, आत्ताच घेतला." कधी उपास असायचा, कधी पित्त. पाणीसुद्धा घेतलं नाही कधी. पण कंबर धरली की यायच्या, साडी नीट करून आपल्या फरशीवर पालथ्या पडायच्या, आणि मी त्यांच्या कमरेत लाथ घालायचे. त्या दिवशी तू चटई अंथरायची नाहीस, हे माझ्या लक्षात आलं होतं. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास मला टायफॉइड झाला. तेव्हा मी काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमध्ये टायपिस्ट होते. दिवसभर ट्रक यायचे, मालाच्या पावत्या, बिल्ट्या टाइप करायच्या, संध्याकाळी शेअर रिक्षात कोंबून खड्ड्यांतून घरी. ताप गेला आणि दुखणं राहिलं. कुठं दुखतं, असं विचारलं तर सांगता येत नसे. मानेपासून सुरू व्हायचं, खांद्यात उतरायचं, मग कंबर, मांड्या, टाचा. ब्लाउजची शिवण टोचायची. कुणी प्रेमानं दंडाला धरलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. झोप लागायची, पण सकाळी उठताना वाटायचं की रात्रभर कुणीतरी पाटा-वरवंट्यानं वाटलंय. टाइप करताना साधा शब्द आठवेना. शेठ म्हणायचा, "मॅडम, ध्यान किधर है?"

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, संधिवाताची टेस्ट केली, सगळं नॉर्मल. एक म्हणाले टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले कॅल्शियम घ्या. तिसऱ्यांनी माझ्याकडं न बघता तुला सांगितलं, "लग्न करून टाका, सगळं बरं होईल." तू त्यांना "हो डॉक्टरसाहेब" म्हणालीस. घरी येताना तू खूश होतीस. जिन्यात भेटेल त्याला सांगत होतीस, "रिपोर्ट एकदम क्लियर आले." मी तुझ्यामागून एक एक पायरी कठडा धरून चढत होते. वर आल्यावर मी म्हटलं, "आई, पण दुखतंय." तू म्हणालीस, "पायाळूला कसलं आलंय दुखणं? जगाचं दुखणं काढणारी तू. उठ, टँकर आलाय." मी उठले आणि हंडा घेऊन खाली गेले. आज ते आठवलं की तुझ्यापेक्षा त्या हंड्याचा जास्त राग येतो, कारण तो निदान भांड्यांच्या दुकानात अजून दिसतो.

पण त्यापुढचं मला जास्त लागलं. एका रविवारी पाय लावताना माझा तोल गेला आणि मी किराणावाल्या बेनच्या अंगावरच पडले. रडले. ती उठून बसली, माझा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, "अरे, ये लडकी सबका दर्द अपने अंदर ले लेती है. इसको बंद करो, बेन." भली बाई होती. आपल्या बिल्डिंगमध्ये माझं दुखणं खरं मानणारी ती पहिली, कारण चुकीचं होतं तरी. आणि तू काय केलंस? तू पहिला भाग उचललास आणि दुसरा टाकून दिलास. पुढच्या आठवड्यात तू टँकरच्या रांगेत सांगत होतीस, "माझी पोर दुसऱ्याचं दुखणं सोताच्या अंगात जिरवते. बघा, कशी वाळलीय." म्हणजे इतके महिने जे नव्हतंच, ते आता होतं, पण माझं नव्हतं, बिल्डिंगचं होतं. माझ्या दुखण्याची तू जाहिरात केलीस, आई. रांग वाढली. मीरा रोडवरून माणसं यायला लागली. पुरुषसुद्धा.

शेवटी मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, फरशीवर पडून तयार होत्या. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "मी नाही लावणार पाय. मला उभं राहवत नाही." तू आत आलीस, दार लोटलंस आणि माझा दंड धरलास, अगदी जिथं दुखायचं तिथंच. तुझा आवाज मला अजून जशाचा तसा ऐकू येतो. दात आवळून तू म्हणालीस, "ती बाई आपल्या घरचं पाणी पीत नाय. ठाऊक हाय ना तुला? आणि आत्ता बघ कुठं पडलीय ती. आपल्या फरशीवर, तोंड खाली करून. माझ्या आयशीला विहिरीवर चढू दिलं नव्हतं असल्या लोकांनी. आणि तू म्हणतेस, पाय दुखतोय?" मग दंड सोडलास आणि पदरानं माझे डोळे पुसलेस, जोरात, भांडं पुसावं तसे. "जा. जरा जोरातच लाव."

मी गेले. जोरात लावला. काकू म्हणाल्या, "हं, आता कसं मोकळं वाटलं." तू विचारलंस, "चहा टाकू?" त्या म्हणाल्या, "नको हो, आत्ताच घेतला."

तुझं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. कळलं, आणि म्हणूनच मी गप्प बसले, पुढं तीन-चार वर्षं. आजीला विहिरीवर चढू दिलं नाही याचा राग मलाही येतो. पण तो हिशेब तू माझ्या टाचेवर का मांडलास? तुला काकूंशी भांडायचं होतं तर तू भांडायचंस. तुझ्या तोंडाला भाईंदरमध्ये जोड नव्हती. एकदा तरी चहाचा कप त्यांच्या हातात कोंबायचास आणि म्हणायचंस, घ्या, नाहीतर या घरात पाऊल टाकू नका. तू तसं केलं असतंस तर मी तुझ्यासाठी हव्या तेवढ्या लाथा मारल्या असत्या. तू ते केलं नाहीस. तू मला पाठवलंस.

दुखण्याचं नाव मला शहाण्णव साली कळलं. ऑफिसमधल्या एका बाईंनी मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांनी आधीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि अंगठ्यानं मानेच्या मुळाशी, खांद्यावर, कोपराजवळ, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबून बघितलं. प्रत्येक ठिकाणी मी कळवळले. ते म्हणाले, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. पण दुखतं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात." मी खुर्चीत बसून इतकी रडले की त्यांनी पंखा कमी केला. तू बाहेर बाकावर होतीस. मी तुला नाव सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "इंग्रजीत नाव दिलं की आजार होतो काय?" डॉक्टर म्हणाले होते की हे पूर्ण जाणारं नाही, पण ताब्यात ठेवता येतं. झोपेसाठी एक बारीक गोळी दिली, रोज थोडं चाला म्हणाले, वजन उचलू नका म्हणाले, आणि बोरिवलीला एक बाई आहेत, विलायतेत ऑस्टिओपॅथी शिकून आल्यात, त्यांच्याकडं जाऊन बघा म्हणाले. गोळीनं होत नाही ते कधी कधी हातांनी होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी टेबलावर पालथी झाले आणि दात आवळून पडून राहिले. मला वाटलं आता ही बाई हाडं कडाकडा मोडणार किंवा अंगावर चढणार. इतकी वर्षं पालथ्या पडलेल्या माणसाचं काय करतात ते मीच करत आले होते ना! त्यांनी मला उताणं व्हायला सांगितलं. मग माझ्या डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवले आणि नुसत्या थांबल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मान आपोआप जड झाली, त्यांच्या हातात सैल पडली. "दुखलं तर सांगा," त्या म्हणाल्या, "मी लगेच थांबेन." आई, हे एवढंसं वाक्य. लगेच थांबेन. मी पंचवीस वर्षांची होते आणि असं मला कुणी म्हटलेलं नव्हतं. मला त्या बाईंचे आभार मानायचे होते आणि आला तुझा राग. परकी बाई फी घेऊन जे बोलते ते तुला फुकटात बोलता आलं नसतं?

त्या बाईंनी चमत्कार केला नाही, त्यांनी तसं सांगितलंही नाही. फासळ्यांखाली, माकडहाडाशी, मानेच्या मुळाशी हळूहळू हातानं मोकळं करायच्या, आणि पुढचे काही दिवस श्वास खोल जायचा, झोप लागायची. झोप लागली की दुखणं एक पायरी खाली उतरायचं. बाकीचं तुमचं तुम्ही करायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. म्हणून मी ठरल्या वेळी झोपायला लागले. संध्याकाळचा चहा सोडला. सकाळी मिठागरांच्या बाजूला सपाट रस्त्यावर चालायला जाऊ लागले, आधी कोपऱ्यापर्यंत, मग पुढच्या बांधापर्यंत. बरं वाटलं त्या दिवशी जास्त काम करायचं नाही, हे सगळ्यात अवघड गेलं, कारण बऱ्या दिवशी तर तू कामं काढून बसलेली असायचीस. आणि मी हंडा उचलणं बंद केलं. पगारातून गड्याला पैसे देऊन पाणी वर आणवलं. तू त्या गड्याशी बोलायची नाहीस. "फिरायला जायला पाय हायत, पाणी आणायला नायत," हे मला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीला सांगायचीस.

आणि माझ्या बोरिवलीच्या फेऱ्यांचं तू काय सांगितलंस बिल्डिंगला? पायाळूच आपली पाठ दुसऱ्याकडं घेऊन जाते हे कळलं तर कसं व्हायचं? म्हणून तू सांगितलंस की मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. नव्वदच्या दशकाचा तो शेवट, सगळ्यांना कॉम्प्युटरचं वेड. चौथ्या मजल्यावरचे मिश्राजी मला जिन्यात गाठून विचारायचे, "बेटी, कौन सा कोर्स अच्छा रहेगा हमारे मुन्ने के लिए?" मला माऊस कुठल्या हातात धरतात ते ठाऊक नव्हतं. मी म्हणायचे, जो कोई भी. आज हसू येतं. तेव्हा आलं नाही.

मी बोरिवलीच्या बाईंना एक दिवस सगळं सांगितलं. पाय, चटई, रविवार, लाथ. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साधी उसण चार-सहा दिवसांत आपोआप उतरते. पायाला यश येणारच." मी घरी येताना रिक्षात विचार करत होते आणि एकदम लख्ख दिसलं. कुणीही आलं की तू काय म्हणायचीस? "आज नाय. रविवारी सकाळी अनशापोटी या." मंगळवारी कंबर धरलेली बाई रविवारपर्यंत निम्मी बरी झालेली असायची. आणि त्या इस्त्रीवाल्याच्या पायाला मुंग्या यायच्या, पाय बधिर पडायचा, त्याला तू दारातूनच परत पाठवलं होतंस, "ये अपना काम नहीं, भैया. आज ही डॉक्टर के पास जाव." त्याचं पुढं ऑपरेशन झालं. तुला सगळं माहीत होतं. आणि तू स्वतः? तू तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवलेस, तुझी कंबर रोज गेलेली असायची, बाम चोळून चोळून उशीला वास यायचा. तू मला एकदाही म्हणाली नाहीस की माझ्या पाठीला पाय लाव. एकदाही नाही, आई! तुझा त्या पायावर काडीचाही विश्वास नव्हता.

तू भोळी होतीस असं मला वाटलं असतं तर माझा राग कधीच गेला असता. भोळ्या माणसावर कोण किती दिवस रागावणार? पण तुला साधं दुखणं आणि खरं दुखणं यातला फरक ओळखता येत होता. डॉक्टरांना जे रिपोर्टमध्ये दिसत नव्हतं, ते तुला माणूस जिना कसा चढतो यावरून कळायचं. मग मी तुझ्यामागून रोज जिना चढत होते. तुला दिसलंच असणार. तू बघितलंस, आणि काकू फरशीवर पडतात ते जास्त महत्त्वाचं ठरवलंस. हे मी तुला कधी विचारलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. टँकर आलाय, असंच म्हणाली असतीस.

मग नव्याण्णव साली तू आजारी पडलीस. पोटातली गाठ, ती पाठीच्या कण्यापर्यंत गेलेली. रविवारची रांग केव्हाच बंद झाली होती, रिक्षातल्या त्या दिवसानंतर मीच बंद केली होती, आणि तू तेव्हापासून माझ्याशी मोजकं बोलत होतीस. काकू तुला बघायला येऊन गेल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी घेतलं नाही. त्या गेल्यावर दुपारी घरात आपण दोघीच होतो. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, "पाय लाव गं जरा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आधी संतापच आला. आता? एवढं सगळं झाल्यावर? मी म्हटलं, "आज नाय. रविवारी सकाळी अनशापोटी ये." तुझे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढं वाकले तर तू हसत होतीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतीस, ठसका लागला तरी थांबेनास. म्हणालीस, "शानी झालीस." मग परत, "लाव."

तुला पालथं होता येत नव्हतं, म्हणून कुशीवरच राहिलीस. मी पलंगाशी एका पायावर उभी राहिले आणि उजवी टाच तुझ्या पाठीला टेकवली. मांस उरलंच नव्हतं, नुसता कणा हाताला लागावा तसा पायाला लागत होता. लाथ मारली नाही. दाबलंही नाही. ठेवला फक्त. "लागलं तर सांग," मी म्हटलं, "मी लगेच थांबते." तू डोळे मिटले होतेस. खूप वेळानं म्हणालीस, "उतरलं." धडधडीत खोटं. तेवढ्यावर झोपलीस, आणि माझ्या पायाचं काही विचारलं नाहीस. तेव्हाही नाही. थोड्याच दिवसांत गेलीस.

राग तसाच आहे. वहिनीची मी माफी मागेन, बाळाच्या बारशाला जाईन, आणि कुणी तिच्या टाचेकडं बघितलंच तर पुन्हा ओरडेन. बोरिवलीच्या बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यांची शिष्या माझी मान बघते. मी रोज चालते, वेळेवर झोपते, वाईट दिवस येतात ते घालवते. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, त्या बाईंनाही नाही. त्या दुपारी मी तुझ्या पाठीवर पाय ठेवून उभी होते, भिंतीला हात न लावता, तू झोपलीस त्यानंतरही कितीतरी वेळ, आणि माझं काहीही दुखत नव्हतं. मान नाही, कंबर नाही, टाच नाही. कशानं, ते मला कळत नाही, आणि कळत नाही याचाही रागच येतो. संध्याकाळी तू जागी झालीस तेव्हा ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. तुला सांगितलं असतं, तर अंगात त्राण नसताना भिंत धरत धरत तू जिन्यापर्यंत गेली असतीस आणि दुसऱ्या मजल्याला ओरडून सांगितलं असतंस.